व्हॅन गॉगचा सायप्रस म्हणजे मृत्यू नव्हे

चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ या चित्रात डावीकडे एक काळसर सायप्रस आहे, उंच, निमुळतं, सुरूसारखं झाड. ते म्हणजे मृत्यूची चाहूल, असं सर्रास सांगितलं जातं. पुरावा काय, तर पुढे त्याने जीव दिला. चित्र जून १८८९ चं, मृत्यू २९ जुलै १८९० चा. मागाहून घडलेलं आधीच्या चित्रावर लादायचं, एवढंच हे.

भूमध्य समुद्राकाठी दफनभूमीत सायप्रस लावतात, हे खरं. पण त्याने हे चित्र जिथे काढलं त्या दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये मिस्त्राल हा जोराचा थंड वारा अडवायला शेताच्या कडेलाही त्यांच्या रांगा असतात. २५ जून १८८९ च्या पत्रात तो भाऊ थिओला या झाडांबद्दल लिहितो, ते रेषा, प्रमाण आणि रंग यांविषयी: इजिप्तच्या ओबेलिस्कसारखं, म्हणजे उंच निमुळत्या दगडी स्तंभासारखं देखणं झाड, उन्हात न्हालेल्या दृश्यातला गडद ठिपका, नेमका पकडायला महाकठीण. आणि ते निळ्यावर नव्हे, निळ्यात बघावं! सायप्रसच्या त्या मजकुरात मृत्यूचा शब्दही नाही.

चित्रातही झाडाचं काम रचनेचं आहे. ते जमिनीपासून जवळजवळ वरच्या कडेपर्यंत जातं आणि उजवीकडच्या चंद्राला तोलून धरतं.

अर्थ ‘मृत्यू’ धरला की चित्रकलेचे विद्यार्थी हे झाड रेखाटताना ते सपाट काळं भरतात, मग कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. व्हॅन गॉगच्या बोरूच्या रेखाटनांत तसं नाही. आधी पेन्सिलीने निमुळता आकार हलका आखा. मग बुंध्याकडून वर, आखूड वळणदार फटकारे. सावलीच्या बाजूला दाट, उजेडाकडे विरळ. मधून कोरा कागद दिसलाच पाहिजे. आकाशाच्या रेषा मात्र बारीक ठेवा, नाहीतर झाड त्यांतच हरवतं.