पवनचक्कीवरचा मेगावॉटचा आकडा कोणत्या वाऱ्याचा?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. हा घनाचा नियम १७५९ मध्येच एका इंग्रज अभियंत्याने प्रयोगांतून जवळपास बरोबर मांडला होता. वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के शक्ती काढून घेता येते, हे १९२० पर्यंत गणिताने सिद्ध झाले. खरा पेच पुढचा होता: जनित्र केवढे बसवायचे?

जोराचा वारा वर्षातून थोडेच तास वाहतो. त्याच्यासाठी मोठे जनित्र बसवले, तर एरवी ते अर्धेमुर्धेच चालते. लहान बसवले, तर जोराच्या वाऱ्यातली शक्ती सोडून द्यावी लागते. म्हणून एक वेग ठरवतात, बहुतेक यंत्रांत सेकंदाला ११ ते १५ मीटर. त्या वेगाला जनित्र पूर्ण क्षमता गाठते. पुढे वारा वाढला तरी वीज तेवढीच राहते. याला म्हणतात 'रेटेड वेग'. पण हा वेग वारा ठरवत नाही, बनवणारा ठरवतो.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात याचा फटका बसला. करसवलत गुंतवणुकीवर मिळायची, तयार झालेल्या विजेच्या युनिटांवर नाही. यंत्रांची तुलनाही दर किलोवॉटच्या किमतीवर होई. त्याच पात्यांना मोठे जनित्र जोडून रेटेड वेग वर नेला की यंत्र कागदावर स्वस्त दिसे. वीज मात्र त्या प्रमाणात वाढत नसे. माझ्या मते पवनऊर्जेची बदनामी त्या काळात वाऱ्यापेक्षा या हिशेबाने जास्त केली. डेन्मार्कने दुसरी वाट धरली होती. तिथल्या १९५७ च्या २०० किलोवॉटच्या यंत्रात जोराच्या वाऱ्यात पात्यांवरचा हवेचा प्रवाह आपोआप सुटे आणि ताकद आवरली जाई. पात्यांचा कोन बदलणारी आणि फिरण्याचा वेग कमीजास्त करणारी यंत्रे रुळली ती नंतर.

सरासरी वेगही असाच फसवतो. वारा कायम सेकंदाला ६ मीटरने वाहिला तर वेगाचा घन २१६. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ८ मीटरने वाहिला तर सरासरी तीच, पण घनांची सरासरी २८८. म्हणजे शक्ती एकतृतीयांशाने जास्त. म्हणून जागा निवडताना कोणता वेग किती तास, हेच पाहावे लागते.

गेल्या वीसेक वर्षांत पाती जनित्रापेक्षा वेगाने वाढली. २ मेगावॉटची दोन यंत्रे घ्या: एकाच्या चक्राचा व्यास ८० मीटर, दुसऱ्याचा ११०. दुसरे जवळजवळ दुप्पट क्षेत्रातला वारा पकडते, म्हणून मंद वाऱ्यात वीजही जवळजवळ दुप्पट देते. नाव दोघांचे एकच, '२ मेगावॉट'. अमेरिकेत १९९० च्या दशकाअखेरीस चक्राच्या क्षेत्राच्या दर चौरस मीटरमागे जनित्राची क्षमता सुमारे ४०० वॉट असे प्रमाण होते, ते पुढे २५० च्या खाली आले.

वरच्या टोकालाही बदल झाला. पूर्वी वाऱ्याचा वेग सेकंदाला २५ मीटर झाला की यंत्र एकदम बंद होई. वादळात अख्खे पवनक्षेत्र एकाच वेळी थांबले की ग्रिडला हिसका बसे. आता बरीच यंत्रे त्या वेगापुढे वीज टप्प्याटप्प्याने कमी करत जातात.