शमशोनाचे नाजीरपण : पार्श्वभूमी

बायबलमधील बलाढ्य वीर शमशोन याच्या पतनाची चर्चा बहुधा त्याचे केस कापवणाऱ्या दलीलेपासून सुरू होते. परंतु त्याच्या हातून नेमके काय मोडले हे ठरवायचे असेल, तर बायबलच्या शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील ‘नाजीर’, म्हणजे देवासाठी वेगळा राखलेला माणूस, या शब्दाकडेच परतावे लागते. वेगळे ठेवणे, राखून ठेवणे अशा अर्थाच्या हिब्रू धातूपासून तो आला आहे. कचेरीतल्या अरबी वळणाच्या नाझराशी त्याचा काही संबंध नाही. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या हस्तलिखितांत तो कुठे जसाच्या तसा राहिला आहे, तर कुठे त्याजागी ‘देवाचा पवित्र’ असे आले आहे.

बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला नाजीर, पुरुष असो वा स्त्री, स्वतः नवस करतो, ठरलेल्या मुदतीपुरता द्राक्षारस वर्ज्य करतो, केस वाढवतो, प्रेताजवळ जात नाही आणि मुदत संपली की केस मुंडून अर्पणे वाहतो. शमशोनाने नवस केलेलाच नाही. परमेश्वराचा दूत शमशोनाच्या होणाऱ्या आईला, मानोहाच्या वांझ पत्नीला, भेटतो तेव्हा द्राक्षारस आणि अशुद्ध अन्न यांची मनाई तो तिला करतो. मुलासाठी अट एकच, की डोक्याला वस्तरा लागू नये, आणि काम एकच, की पलिष्टी या शत्रू लोकांच्या हातून इस्राएलाच्या सुटकेला त्याने आरंभ करावा. हाच निरोप नवऱ्याला सांगताना ती वस्तरा आणि सुटका दोन्ही गाळते आणि ‘मरणाच्या दिवसापर्यंत’ हे शब्द आपल्याकडून जोडते. या साऱ्याला सरसकट ‘व्रत’ म्हणणे मला दिशाभूल करणारे वाटते, कारण व्रत माणूस आपण होऊन घेतो आणि शमशोनावर ते जन्माआधीच आले होते.

म्हणूनच सिंहाच्या मढ्यातला मध त्याने खाल्ला किंवा अष्कलोन या पलिष्टी शहरात तीस माणसे मारली तेव्हा नाजीरपण भंगले का, हा प्रश्न पुढे शतकानुशतके टिकला. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने, त्यासाठी स्वतंत्र वर्गच केला. आजन्म नाजीर केस जड झाल्यास ते कमी करू शकतो आणि अशुद्ध झाल्यास अर्पण आणतो. ‘शमशोनासारखा नाजीर’ मात्र केसांना वस्तरा लावू शकत नाही, पण अशुद्धतेबद्दल त्याला अर्पणही द्यावे लागत नाही. एका मोठ्या वीराच्या वर्तनाभोवती नियमच वळवला गेला, असे मला यात दिसते. त्याच मिश्नात दुसऱ्या ठिकाणी निवाडा कठोर आहे : शमशोन डोळ्यांमागे, म्हणजे डोळ्यांना भुलवील त्यामागे, गेला, म्हणून पलिष्ट्यांनी त्याचे डोळे काढले.

ख्रिस्ती परंपरेपुढे अडचण वेगळी होती. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ याने त्याचे नाव विश्वासवीरांच्या यादीत घातले होते, आणि ‘पलिष्ट्यांबरोबर मलाही मरण येवो’ असे म्हणून त्याने पलिष्ट्यांचा देव दागोन याचे मंदिर स्वतःवर पाडून घेतले होते. आत्महत्या निषिद्ध ठरवणाऱ्या पाचव्या शतकातील एका लॅटिन धर्मपंडिताने त्यावर तोडगा काढला, की देवाच्या आत्म्याने त्याला गुप्तपणे तशी आज्ञा केली असावी. मूळ कथेत अशी आज्ञा कुठेही नाही. तिथे फक्त आपल्या डोळ्यांचा सूड मागणारी प्रार्थना आहे.

पलिष्टी इ. स. पू. बाराव्या शतकात कनानच्या किनाऱ्यावर स्थिरावले. त्यांच्या वस्तीतील एक मंदिर 1970 च्या दशकात आजच्या तेल अवीवच्या हद्दीत उकरले गेले आणि त्यात एकमेकांपासून जवळ असलेल्या दोन लाकडी खांबांच्या दगडी बैठका मिळाल्या. यावरून शमशोन सिद्ध होत नाही, पण कथाकाराला अशी मंदिरे ठाऊक होती असे मानायला जागा उरते. अलीकडे, 2012 व 2013 मध्ये, गालीलातील हुकोक येथील पाचव्या शतकाच्या सुमाराच्या सभास्थानाच्या फरशीवर शमशोनाची दोन चित्रे उजेडात आली : एकात शेपट्या बांधलेले कोल्हे आणि दुसऱ्यात गज्जा (गाझा) या पलिष्टी शहराच्या वेशीची दारे खांद्यावर घेतलेला धिप्पाड शमशोन. ग्रंथात ही दारे त्याने ज्या मध्यरात्री उपटली, त्या रात्री तो एका वेश्येच्या घरून उठून आला होता.