त्रास तुमचा, विजय कोणाचा? युद्धातल्या कर्तव्याची भाषा

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन युद्धात उतरलं आणि तिथल्या माहिती मंत्रालयाने एक लाल पोस्टर सगळीकडे लावलं, वर राजमुकुट आणि खाली मजकूर, की तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार विजय मिळवून देईल. कोणाला? तर 'अस'ला, म्हणजे इंग्रजी 'us'ला. आता मराठीत आपल्याला इथे निवडावंच लागतं, 'आपल्याला' की 'आम्हाला', इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे चालतो. सरकारला 'आपल्याला' म्हणायचं होतं पण बऱ्याच लोकांना ऐकू आलं 'आम्हाला', म्हणजे सोसायचं तुम्ही आणि जिंकणार साहेब लोक. पेपरांनीही त्यावर टीका केली.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. कर्तव्य सांगणारं वाक्य नुसतं काय करायचं ते सांगत नाही, सांगणारा कुठे उभा आहे तेही त्यातून कळतं. भाषाशास्त्रात यावर भरपूर काम झालंय. 'गेलं पाहिजे' म्हटलं की बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह जाणवतो, 'जावं लागेल' म्हटलं की परिस्थितीच भाग पाडतेय असं वाटतं, इंग्रजीत 'मस्ट' आणि 'हॅव टू' मध्ये साधारण असाच फरक धरतात.

८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेवर रेशन आलं. एप्रिलमध्ये लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री झाले, हा माणूस मोठ्या दुकानांच्या धंद्यातून आलेला, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे त्याला पक्कं माहीत. त्यांच्या खात्याची 'फूड फॅक्ट्स' नावाची जाहिरात पेपरात नियमित यायची, आणि तेव्हा कागदाचंही रेशन असल्यामुळे पेपर चार-सहा पानांचे झालेले, त्यातही ही जागा राखलेली असायची. देशासाठी त्याग करा असं भाषण नाही, बटाट्याचं काय करता येईल, गाजर कशात घालता येईल, उरलेलं कसं वापरायचं, एवढंच. कर्तव्य होतंच, पण रेसिपीच्या रूपात घरात आलं. रेडिओवर 'किचन फ्रंट' हा कार्यक्रम हेच करायचा आणि त्यात आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे यांनी भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले होते! मांस मिळत नाही तर नुसती भाजी-डाळ खाऊन पण छान जगता येतं हे तिथल्या बायकांना सांगायला यापेक्षा योग्य माणूस कोण मिळणार.

सरकार नेहमी इतकं शहाणं नव्हतं. १९४० च्या जुलैमध्ये 'सायलेंट कॉलम' नावाची मोहीम काढली, अफवा पसरवू नका, निराशेचं बोलू नका, आणि त्याच काळात साध्या गप्पांवरून लोकांना कोर्टात खेचलं गेलं, लोक इतके चिडले की चर्चिलना थोड्याच दिवसांत ती मोहीम गुंडाळावी लागली. याउलट लेखक जे. बी. प्रीस्टली ५ जून १९४० पासून रेडिओवर बोलायला लागले ते आपल्या यॉर्कशायरच्या बोलीच्या वळणात, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सैनिक आणणाऱ्या सहलीच्या छोट्या बोटींबद्दल, आणि देशभर लोक ऐकत बसायचे.

कर्तव्याच्या या इंग्रजी शब्दांचं पुढे काय झालं ते मोजलेलं आहे. १९६१ आणि १९९१ मधल्या ब्रिटिश छापील मजकुराचे प्रत्येकी दहा लाख शब्दांचे दोन नमुने सारख्याच पद्धतीने गोळा केले गेले, त्यात बातम्यापण आहेत. दोन्हींची तुलना केली तर 'मस्ट' जवळपास २९ टक्क्यांनी घटला आणि 'नीड टू' साडेतीन पटींच्याही पुढे गेला. 'नीड टू' मध्ये हुकूम नाही, तुझीच गरज आहे असा सूर आहे. काही अभ्यासक म्हणतात की समाज वरून आलेल्या हुकमाला कंटाळला म्हणून हे झालं, काही बोलीभाषा लेखनात शिरल्याचं सांगतात. मला दोन्ही पटतं, पण 'नीड टू' गोड आहे म्हणून तो प्रामाणिकही आहे असं मी मानत नाही, कारण गरज नक्की कोणाची हे त्यात सहज लपवता येतं, आणि १९३९ च्या पोस्टरचं निदान तसं नव्हतं, त्यातली गडबड वाचणाऱ्याला लगेच दिसली.