कोतवालावर नजर कोणाची? 'वॉचमेन'च्या मागची गोष्ट

गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेतल्या मामाला मी 'वॉचमेन' हे मुखवटेवाल्या सुपरहिरोंवरचं इंग्रजी कॉमिक्स-पुस्तक वाचायला दिलं. मामा म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस, वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक त्याने रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेत, सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवलेत आणि घरात रंगकाम निघालं की सगळ्यात आधी माळ्यावरून ती ट्रंक खाली उतरते. तीन आठवड्यांनी पुस्तक परत देताना म्हणाला, "वाचलं रे सगळं. चित्रं झकास आहेत. पण मला एक सांग, ह्यात हिरो कोण?"

मी तेव्हा काहीतरी बोललो पण माझंच समाधान झालं नाही. कारण मामाने जे विचारलं तेच ते पुस्तक पहिल्या पानापासून विचारतंय, आणि हा प्रश्न १९८६ मध्येच का आला, त्याआधी पन्नास वर्षं कोणी का विचारला नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. शेवट फोडणार नाही.

सुरुवात मामाच्या वेताळापासूनच करू. ली फॉकने वेताळ आणला १९३६ मध्ये, अमेरिकेतल्या पेपरात रोज येणाऱ्या चित्रपट्टीतून. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कोणालाच माहीत नसलेली खरी ओळख, हे सगळं त्याच्याकडे होतं आणि सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९ ला, म्हणजे आपला वेताळ दोघांपेक्षा थोरला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं, मराठीतही यायचं, आणि १९९० ला बंद पडेपर्यंत आपल्याकडच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. वेताळाबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. चारशे वर्षं, एकवीस पिढ्या, बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवणार. जंगलात न्याय तोच करणार, शिक्षाही तोच देणार, त्याच्या अंगठीचा ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण उमटणार, आणि ती खूण कधी चुकीच्या माणसाच्या जबड्यावर उमटली असेल का असं आपण कधी विचारलंच नाही. लहान होतो, ठीक आहे. पण अमेरिकेत तर हा प्रश्न विचारायचाच नाही असा कागदावर लिहिलेला नियम होता.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे गुन्हेगारीच्या आणि भुताखेताच्या कॉमिक्सचा सुळसुळाट झाला. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्टहॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं की पोरं बिघडतात ती ह्या कॉमिक्सनेच, मग सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली, आणि सरकार कायदा करेल ह्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता बनवली, कॉमिक्स कोड. प्रत्येक वेळी चांगल्याचाच वाईटावर विजय झाला पाहिजे, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी ह्यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, नावात 'हॉरर' शब्द नको, रक्तपिपासू भुतं नकोत. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायचेच नाहीत. वर्टहॅमला खलनायक ठरवणं मला बरोबर वाटत नाही, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या गरीब काळ्या मुलांसाठी त्याने दवाखाना चालवला होता, माणसाला मुलांची कळकळ होती. पण २०१२ मध्ये त्याची जुनी कागदपत्रं तपासली गेली तेव्हा दिसलं की मुलांच्या मुलाखतींमध्ये त्याने सोयीने फेरफार केले होते. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुपरहिरो हा कायम बरोबर असणारा, कधी म्हातारा न होणारा, कधी कोणाला उत्तर द्यावं न लागणारा माणूस होऊन बसला.

कोड सैल व्हायला सुरुवात झाली १९७१ ला, स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ड्रग्जचे दुष्परिणाम दाखवले म्हणून शिक्का नाकारला, तरी प्रकाशकाने ते अंक तसेच काढले आणि कोडलाच नियम बदलावे लागले. पण खरा फरक मला वाटतं दुकानांनी पाडला, आणि ह्यावर फार कमी बोललं जातं. आधी कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर विकली जायची, न खपलेले अंक परत जायचे. सत्तरच्या दशकात फक्त कॉमिक्सची वेगळी दुकानं उभी राहिली, त्यांचे मालक प्रकाशकाकडून थेट माल घ्यायचे, जास्त सवलतीत, पण परत न करण्याच्या बोलीवर. म्हणजे दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक माहीत असायलाच हवं, आणि ते गिऱ्हाईक आता बारा वर्षांचं पोर नव्हतं, ते लहानपणी वाचायला लागलेलं आणि पंचविशीतही न सोडलेलं माणूस होतं. ह्या दुकानांना शिक्का असला काय नसला काय. मोठ्या माणसासाठी लिहायची वाट अशी व्यवहारातून मोकळी झाली.

त्या वाटेने आला अ‍ॅलन मूर. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनचा, जन्म १९५३ चा. १९८२ पासून 'वॉरियर' नावाच्या ब्रिटिश मासिकात त्याच्या दोन मालिका येत होत्या, एक हुकूमशाहीवरची 'व्ही फॉर व्हेंडेटा' आणि दुसऱ्या मालिकेत त्याने पन्नासच्या दशकातला एक बालिश सुपरहिरो घेऊन हा माणूस खरंच असता तर काय झालं असतं ते दाखवलं. मग अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने त्याला बोलावलं. डीसीने १९८३ च्या सुमारास चार्ल्टन नावाच्या प्रकाशनाचे हिरो विकत घेतले होते, मूरने त्यांच्यावर एक प्रस्ताव पाठवला ज्याची सुरुवातच त्यातल्या एकाच्या खुनाने होत होती. संपादक डिक जिओर्डानो म्हणाले गोष्ट हवी आहे पण ही पात्रं देणार नाही, ही गोष्ट संपल्यावर ती दुसऱ्या कशाच्याही कामाची राहणार नाहीत, तू नवीन बनव. माझ्या मते हा नकार म्हणजे त्या पुस्तकाचं नशीब, कारण नवीन पात्रांना पूर्ण आयुष्य देता आलं, म्हातारपण, पोट सुटणं, बायकोशी न पटणं, सगळं.

चित्रं डेव्ह गिबन्सची, अक्षरंही त्याचीच, रंग जॉन हिगिन्सचे. मूरची पहिल्या अंकाची संहिता शंभरेक टंकलिखित पानांची होती, एकेका चौकटीत भिंतीवर काय आहे, टेबलावर काय पडलंय इथपर्यंत. १२ अंक, १९८६-८७ मध्ये आले, मग एकत्र पुस्तक.

काळही तसाच होता. १९८४ मध्ये अणुशास्त्रज्ञांच्या त्या प्रसिद्ध 'प्रलयाच्या घड्याळा'चा, म्हणजे जग विनाशाच्या किती जवळ आलंय ते दाखवणाऱ्या प्रतीकात्मक घड्याळाचा, काटा मध्यरात्रीच्या ३ मिनिटं आधीवर आणला होता, इंग्लंडमध्ये अमेरिकी क्षेपणास्त्रं येऊन बसली होती, एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं. पुस्तकात तेच घड्याळ प्रत्येक भागाच्या शेवटी थोडं थोडं पुढे सरकतं. गोष्टीतली अमेरिका खरी नाही, तिथे व्हिएतनाम युद्ध अमेरिका जिंकलीये, १९८५ उजाडलं तरी निक्सनच अध्यक्ष आहे, आणि १९७७ च्या कायद्याने मुखवटेवाल्यांवर बंदी आलीये, सरकारसाठी काम करत असाल तरच परवानगी. खरी अतिमानवी शक्ती एकाकडेच आहे, बाकीचे आपल्यासारखी हाडामांसाची माणसं, त्यातला एक खुनशी, एक एकटा पडलेला, एक अतिहुशार, आणि एका बाईला तर आईच्या हौसेपायी ह्या धंद्यात यावं लागलंय.

आता हे नुसतं काळंकुट्ट आहे म्हणून लोकांना आवडतं असं जे म्हणतात ना ते मला पटत नाही. पहिलं पानच बघा. सुरुवातीला डोळ्यांसमोर फक्त एक पिवळा हसरा बिल्ला, रक्तात पडलेला, त्यावर रक्ताचा एक ओघळ. पुढच्या चौकटीत आपण थोडे वर जातो, गटार दिसतं, अजून वर, एक माणूस पाइपने फूटपाथवरचं रक्त धुतोय, जगाचा शेवट जवळ आलाय अशी पाटी घेतलेला एकजण त्या रक्तातून चालत जातो आणि त्याच्या पावलांचे ठसे मागे उमटतात, अजून वर, अजून वर, शेवटी कितीतरी मजले उंच फुटलेल्या खिडकीतून एक माणूस खाली बघतोय. कुठेही 'धडाम' नाही, मनातले विचार दाखवणारे ढगांचे फुगे नाहीत. तो पाटीवाला कोण ते कळलं की पहिलं पान परत उघडावंच लागतं, मी उघडलं होतं आणि अंगावर काटा आला होता.

चौथा भाग तर मी कितीदा वाचलाय मोजलं नाही. त्या शक्तिमान माणसाला, डॉक्टर मॅनहॅटनला, सगळा काळ एकदम दिसतो. तो मंगळावर उभा आहे, हातात एक फोटो आहे, बारा सेकंदांनी तो फोटो वाळूत पडणार आहे, आणि त्याच्यासाठी तो आधीच पडलेला आहे. १९४५, हिरोशिमाची बातमी वाचून घड्याळजी बाप मुलाच्या पुढ्यातली घड्याळाची चाकं खिडकीबाहेर फेकून देतो, आता ह्या कलेला अर्थ नाही म्हणून. १९५९, जत्रेत मैत्रिणीचं घड्याळ कोणाच्या तरी पायाखाली येतं, हा ते दुरुस्त करतो, आणि तेच विसरलेलं घड्याळ आणायला परत गेल्यामुळे प्रयोगशाळेत अडकतो. सिनेमात हे एकामागे एक दाखवावं लागतं. कॉमिक्सच्या पानावर मात्र ९ चौकटी एकाच वेळी समोर असतात, १९४५ वरच्या ओळीत, १९८५ खालच्या ओळीत, आणि आपली नजर दोन्हीवर फिरते, म्हणजे ते पान वाचताना थोडा वेळ आपल्यालाही त्याच्यासारखंच दिसायला लागतं. हे दुसऱ्या कुठल्या माध्यमात जमणारच नाही. मोठी माणसं ह्या पुस्तकाकडे परत परत येतात ती ह्याच्यासाठी.

नावात वॉच म्हणजे घड्याळही आहे आणि पहाराही. पहाऱ्याचा धागा रोमन कवी जुवेनालच्या ओळीचा, पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा? पुस्तकात ती ओळ भिंतीभिंतींवर रंगवलेली आहे पण एकदाही पूर्ण दिसत नाही. आपण म्हणतो कुंपणानेच शेत खाल्लं तर जायचं कुठे. आणि पुणेकराला हे लांबचं वाटायचं कारणच नाही. घाशीराम कोतवाल ह्याच शहराचा, नाना फडणवीसांच्या काळातला, शहराच्या बंदोबस्तासाठी नेमलेला. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांनी त्यावर नाटक लिहिलं, १९७२ मध्ये पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात झाला, मामाच्या घरापासून चालत पाच मिनिटं, आणि केवढा गदारोळ उठला होता ते मामा अजून सांगतो. कोतवालाला अधिकार देणारा हात कोणाचा होता, हा त्या नाटकाचा प्रश्न होता. मामाला हे नाटक पाठ आहे, मग 'वॉचमेन' त्याला परकं का वाटलं ह्याचं मला नवल वाटत होतं. बहुतेक नाटकाकडून त्याची तशी अपेक्षा होती आणि मुखवटेवाल्याकडून नव्हती.

१९८६ हे वर्षच वेगळं होतं, फ्रँक मिलरचा म्हातारा, कडवट बॅटमॅन त्याच वर्षी आला, आर्ट स्पिगेलमनच्या 'माउस' ह्या कॉमिक्सचा पहिला खंडही त्याच वर्षी, ज्याला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. 'वॉचमेन'ला १९८८ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांसाठीचा मोठा पुरस्कार, मिळाला आणि २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने १९२३ नंतरच्या इंग्रजीतल्या १०० उत्तम कादंबऱ्यांत ते घेतलं. पण नंतर नक्कल करणाऱ्यांनी उचललं काय, तर रक्त, शिव्या आणि चिडका चेहरा. घड्याळ कोणी उचललं नाही. पुढची कितीतरी वर्षं सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये नुसती मारझोड वाढली, मूरने स्वतः ह्याची खंत मुलाखतींत बोलून दाखवलीये. त्याच्या बाबतीत झालं तेही वाईट वाटण्यासारखंच, करारात होतं की पुस्तक छापणं बंद होऊन ते बाजारातून गेलं की काही काळाने हक्क लेखक-चित्रकाराकडे परत येतील, पण पुस्तक इतकं खपलं की ते बाजारातून गेलंच नाही, यशामुळेच हक्क गेले. २००९ च्या सिनेमावर त्याने नावही लावू दिलं नाही.

आणि तो कोड? २०११ मध्ये शेवटच्या दोन प्रकाशकांनीही शिक्का सोडला आणि तो गुपचूप संपला.

परवा मामाचा फोन आला, पुस्तक परत हवंय म्हणाला. ह्या वेळी चौथा भाग पहिल्यांदा वाचणार, वहीत एका बाजूला सालं आणि दुसऱ्या बाजूला घडलं काय असं लिहून काढणार. "आणि तुझ्याकडे ट्रंकेतले दहा-बारा वेताळ पाठवतोय," म्हणाला, "बघ बरं, त्या कवटीच्या खुणा कोणाकोणाच्या तोंडावर आहेत."