सहीसाठीची लाइन: बेसबॉलच्या जुन्या दिग्गजांना भेटायची प्रथा आली कुठून

न्यूयॉर्क शहरातून गाडी काढली की साधारण चार तासांनी एका तळ्याकाठी कूपरस्टाउन लागतं. वस्ती दोन हजारांच्या आतली, मोठा असा रस्ता एकच, त्याचं नावही मेन स्ट्रीट. बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे निवडक दिग्गजांचा मान करणारं म्युझियम, या गावात आहे आणि जुलैच्या शेवटाला नव्या मानकऱ्यांचा सोहळा असतो तेव्हा या रस्त्यावर अक्षरशः जत्रा भरते. दुकानांबाहेर घडीची टेबलं, टेबलामागे सत्तरी-ऐंशीतले जुने खेळाडू, समोर लाइन, आणि लाइनच्या तोंडाशी दरपत्रक. बॉलवर सही हवी तर एवढे डॉलर, बॅटवर हवी तर एवढे, सहीखाली एखादी ओळ लिहून हवी असेल तर त्याचे वेगळे. पहिल्यांदा बघणाऱ्या आपल्या माणसाला हे खटकतं, मलाही खटकलं होतं, कारण आपल्या डोक्यात वानखेडेच्या गेटबाहेर वही घेऊन ताटकळणारी पोरं असतात, सही मिळाली तर मिळाली, पैशाचा विषयच नाही. पण या दरपत्रकाच्या मागे काय काय घडलंय ते वाचत गेलो तसं माझं मत बदललं.

सुरुवात फुकटच होती. १९२० आणि ३० च्या दशकात टीम्स रेल्वेने फिरायच्या, त्यामुळे पोरांना खेळाडू कुठे सापडणार ते पाठ असायचं: स्टेशन, हॉटेलची लॉबी, आणि मॅच संपल्यावर मैदानाचा मागचा दरवाजा. हातात छोटी ऑटोग्राफ वही, नाहीतर मॅचमध्ये प्रेक्षकांत आलेला बॉल. बेब रूथ तर या सगळ्यांचा राजा. १९२० मध्ये तो बॉस्टनहून न्यूयॉर्क यांकीजकडे आला, होमरनचे, म्हणजे साधारण आपल्या सिक्सरचे, आकडे कुठल्या कुठे नेले, शेवटी ७१४ वर थांबला, आणि जाईल तिथे पोरांच्या घोळक्यात उभं राहून सह्या करत राहिला. आज त्याची सही प्रचंड महाग आहे, पण दुर्मिळ म्हणून नाही, उलट त्याच्या इतक्या सह्या त्या काळातल्या फार थोड्या खेळाडूंच्या असतील, मागणीच तेवढी आहे. सुरुवातीच्या काळात तो ‘बेब’ हे टोपणनाव अवतरण चिन्हांत लिहायचा, पुढे चिन्हं गेली, आणि त्यावरून जाणकार सही कधीची असेल याचा अंदाज बांधतात. त्या काळी लोक सही टिकावी म्हणून बॉलला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात मारायचे. सही टिकली, पण बॉल कालांतराने मधासारखा पिवळा-तपकिरी झाला, त्यामुळे जुन्या संग्रहांत असे काळवंडलेले बॉल बरेच दिसतात.

हॉल ऑफ फेमची पहिली निवड १९३६ ची: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. इमारतीचं उद्घाटन मात्र १२ जून १९३९ ला झालं, तोपर्यंत आणखी मानकरी निवडले गेले होते आणि त्यातले हयात असलेले अकराही जण गावात आले. मॅथ्यूसन १९२५ मध्येच गेला होता, कॉब उशिरा पोचला म्हणून प्रसिद्ध ग्रुप फोटोत नाही. पण त्या दिवशी गावात फिरणाऱ्यांनी बॉलवर सह्या घेतल्या आणि सगळ्या अकरा सह्या असलेले थोडे बॉल आजही आहेत. रिटायर झालेल्या दिग्गजांना एकाच ठिकाणी गाठायचं ही कल्पना माझ्या मते त्या दिवशी रुजली, कारण त्याआधी सही म्हणजे आत्ता खेळणाऱ्याची, म्हाताऱ्या खेळाडूच्या मागे फारसं कोणी धावत नव्हतं.

ज्यांना कूपरस्टाउन लांब पडायचं त्यांच्यासाठी टपाल होतं. एक पत्र, सोबत कार्ड, आणि आपलाच पत्ता लिहून स्टॅम्प चिकटवलेलं रिकामं पाकीट, म्हणजे समोरच्या माणसाला फक्त सही करून पोस्टात टाकायचं. टाय कॉब मैदानावर अत्यंत भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध, पण म्हातारपणी पत्रांना उत्तरं द्यायचा, तेही बऱ्याचदा हिरव्या शाईने. पिचर, म्हणजे बॉलर, म्हणून ५११ विजय मिळवलेला साय यंग ओहायोतल्या खेड्यात राहून सह्या पाठवायचा. आणि होनस वॅग्नर १९३३ पासून १९५१ पर्यंत पिट्सबर्गच्या टीमचा कोच होता, त्यामुळे तो तर मैदानावरच भेटायचा, ज्या पोरांनी त्याला खेळताना पाहिलेलंच नाही ती त्याच्याकडून बॉल सही करून न्यायची. हॉल ऑफ फेममध्ये प्रत्येक मानकऱ्याचा धातूचा फलक असतो, त्या फलकांची पोस्टकार्ड मिळतात, १९६४ पासून ती पिवळसर सोनेरी रंगात येतात, आणि त्याच खेळाडूची सही त्याच्याच पोस्टकार्डावर घेऊन अख्खा सेट पुरा करायचा नाद लागलेली माणसं पुष्कळ आहेत.

आता पैशाचं.

जुन्या करारांत रिझर्व्ह क्लॉज नावाचं कलम असायचं. एकदा एका टीमने करार केला की खेळाडू त्यांचाच, करार संपला तरी दुसरीकडे जायची सोय नाही, मालक देईल तो पगार घ्या नाहीतर घरी बसा. त्यामुळे अगदी मोठ्या नावांनाही मोसम संपल्यावर दुसरी नोकरी करावी लागायची, कोणी विमा विकायचा, कोणी कपड्यांच्या दुकानात. १९६६ मध्ये मार्विन मिलर खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला तेव्हा किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाचा निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, ते कलम ढिलं झालं आणि पगारांनी उसळी मारली, १९९२ पर्यंत सरासरी पगार दहा लाख डॉलरच्या वर गेला. पण हे सगळं पुढच्या पिढीला मिळालं. १९५० आणि ६० च्या दशकातले देव बाहेर बसून बघत राहिले. त्यांच्याकडे विकण्यासारखं एकच उरलं होतं, स्वतःचं नाव.

आणि नेमकं तेव्हाच त्या नावाला गिऱ्हाईक आलं. लहानपणी बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेली छोटी कार्डं, जमवणारी पोरं १९७० च्या दशकात तिशीत आली, हातात पैसा आला, आणि हॉटेलांच्या हॉलमध्ये कार्ड शो, म्हणजे ही कार्डं घेण्या-विकण्याचे मेळावे, भरायला लागले. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला अशा हौशी लोकांचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन झालं, ते आजही दरवर्षी भरतं. आयोजकांच्या लक्षात आलं की एखादा जुना स्टार आणून बसवला तर गर्दी दुप्पट होते, मग त्याला ठराविक रक्कम द्यायची आणि ती प्रत्येक सहीच्या तिकिटातून वसूल करायची, आज आपण जी पद्धत बघतो ती हीच.

मिकी मँटलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५१ ते १९६८, अठरा मोसम, ५३६ होमरन, आणि सर्वात जास्त पगार वर्षाला एक लाख डॉलर, तो त्या काळात मोठाच. रिटायर झाल्यावर धंदे केले, फारसे जमले नाहीत. १९८३ मध्ये त्याने अटलांटिक सिटीतल्या एका कसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची, त्यांच्यासोबत गोल्फ खेळायची नोकरी धरली, तर बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, बोवी कून यांनी त्याला बेसबॉलमधून बाहेर काढलं, कारण जुगाराशी संबंध नको. त्याआधी १९७९ मध्ये विली मेजच्या बाबतीत हेच झालं होतं. म्हणजे खेळाचे दोन सगळ्यात लाडके चेहरे, पोट भरायला हात मिळवायची नोकरी करतात म्हणून बाहेर! १९८५ मध्ये नवीन कमिशनर पीटर युबेरॉथ यांनी दोघांना परत घेतलं, आणि साधारण त्याच सुमाराला कार्ड शोचा धंदा तेजीत आला. मँटलने पुढच्या दहा वर्षांत सह्यांमधून अठरा मोसमांच्या पगारापेक्षा जास्त कमावलं. १९९५ मध्ये तो गेला. लाइनमध्ये उभे राहून त्याच्यासमोर आलेले पन्नाशीचे पुरुष रडायचे असं लोक सांगतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

जो डिमॅजिओ वेगळ्या स्वभावाचा. नेटका, अबोल, अटी भरपूर, त्याची पूर्वीची बायको मेरिलिन मन्रो हिचा फोटो पुढे केलात तर सही मिळणार नाही. त्याने १९४१ मध्ये सलग ५६ मॅचेसमध्ये हिट मारली होती (म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर पोचला होता), तर पन्नास वर्षांनी त्याने बरोबर १,९४१ बॅटांवर सह्या करायचा करार केला. याच्या अगदी उलट बॉब फेलर. क्लीव्हलंडचा पिचर, पर्ल हार्बरनंतर लगेच नौदलात भरती झाला आणि करिअरची ऐन उमेदीची वर्षं युद्धात गेली, पण त्याबद्दल कधी रडला नाही. तो कुठेही सही करायचा, कमी पैशात करायचा, समोरच्याशी बोलत बसायचा, इतका की फेलरची सही नसलेला बॉल शोधणं जास्त कठीण असा विनोदच झाला होता. २०१० मध्ये ९२ व्या वर्षी तो गेला. त्याची सही आजही स्वस्त मिळते, आणि माझ्या मते ती जमवण्यासारख्या सह्यांमध्ये पहिल्या पाचात आहे.

रोख पैसा आला तशी भानगडही आली. शोमध्ये पैसे पाकिटात मिळायचे, कर विभागाला सांगायचं राहून जायचं. पीट रोझ, ४,२५६ हिट्सचा मालक, सट्टा लावल्याबद्दल १९८९ मध्ये कायमच्या बंदीने बाहेर गेला (ती त्याच्या मृत्यूनंतर २०२५ मध्ये उठली) आणि १९९० मध्ये करचुकवेगिरीसाठी पाच महिने तुरुंगात, त्या लपवलेल्या कमाईत सह्यांचे पैसे होते. १९९५ मध्ये जुने स्टार ड्यूक स्नायडर आणि विली मॅकोवी यांनीही शोमधली कमाई लपवल्याचा गुन्हा कबूल केला. मॅकोवीला पुढे जानेवारी २०१७ मध्ये ओबामांनी माफी दिली.

पण प्रत्यक्ष भेटून सही घेण्याला आज जे महत्त्व आहे ते खोट्या सह्यांमुळे. तसं खोटं आधीपासून चालू होतं, स्टार कंटाळला की ड्रेसिंग रूममधली मदतनीस पोरंच टीमच्या बॉलवर त्याची सही ठोकायची. १९९० च्या दशकात मात्र हा कारखाना झाला. सॅन डिएगोचा टोनी ग्विन, त्याला स्वतःच्याच टीमच्या स्टोअरमध्ये आपली खोटी सही असलेले बॉल दिसले आणि त्याने ते सांगितलं. एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाने तपास केला, १९९९ मध्ये मोठे छापे पडले, आणि पकडलेल्या मालात कोणाच्या सहीचे बेसबॉल निघावेत, तर मदर तेरेसांच्या! कोलकात्यात आयुष्य घालवलेल्या बाईंची सही बेसबॉलवर, आणि तीही विकली जात होती. यातनंच २००१ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगने, स्वतःची व्यवस्था उभी केली, सही होताना साक्षीदार समोर हवा, तोही बहुतेक वेळा पोलीस खात्यातला आजी-माजी माणूस, आणि लगेच वस्तूवर नंबर असलेला होलोग्राम.

खोटं ओळखायची एक जुनी खूण मला फार आवडते. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, आणि रूथचा यांकीजमधला साथीदार लू गेरिग गेला जून १९४१ मध्ये. त्यामुळे गेरिगची सही बॉलपेनने केलेली दिसली की विषय संपला. गंमत म्हणजे आज मात्र बॉलवर सहीसाठी निळं बॉलपेनच घ्यायचं, मार्करची शाई चामड्यात पसरते. आणि एकट्याची सही घ्यायची तर दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या चिंचोळ्या जागी, तिला स्वीट स्पॉट म्हणतात, अख्ख्या टीमच्या सह्या असलेल्या जुन्या बॉलवर ही जागा मॅनेजरसाठी नाहीतर सगळ्यात मोठ्या स्टारसाठी सोडलेली असायची.

या सगळ्यात ज्यांना लाइन सगळ्यात उशिरा मिळाली ते निग्रो लीग्जचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जचे, खेळाडू. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचं दार बंद होतं. जॉश गिब्सनसारखा फटकेबाज त्याच वर्षी जानेवारीत, रॉबिन्सनच्या पहिल्या मॅचच्या तीनच महिने आधी, पस्तिशीत गेला, त्याच्या अस्सल सह्या फार थोड्या उरल्यात, कारण त्या काळी वर्तमानपत्रं त्याच्याकडे बघत नव्हती आणि वह्या घेऊन उभी राहणारी गोरी पोरं तर नाहीच. हॉल ऑफ फेमने या लीग्जसाठी दार उघडलं १९७१ मध्ये, सॅचल पेजपासून. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत त्यांचं म्युझियम सुरू झालं, या लीग्जमधला जुना खेळाडू बक ओनील तिथला चेहरा झाला, आणि सत्तरी-ऐंशी उलटलेल्या या माणसांना शोजची आमंत्रणं यायला लागली. ज्यांना मोठ्या लीगचं पेन्शन नव्हतं त्यांना सहीचे पाच-दहा डॉलरसुद्धा कामाचे होते, आणि पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे कोणीतरी समोर उभं राहून विचारत होतं की तेव्हा काय झालं होतं, तुम्ही कोणाविरुद्ध खेळलात. मेन स्ट्रीटवरच्या दरपत्रकाकडे बघताना मला आता हीच माणसं आठवतात.

विली मेजची सुरुवात यांच्यातलीच, १९४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्लॅक बॅरन्सकडून. १८ जून २०२४ ला तो गेला आणि दोनच दिवसांनी ब्लॅक बॅरन्सच्याच जुन्या मैदानावर, रिकवुड फील्डवर, मोठ्या लीगची मॅच झाली, ती आधीच त्याच्या सन्मानार्थ ठरलेली होती. पहिला बॉल टाकायला आला बिल ग्रीसन, १९४८ च्या त्याच टीममधला मेजचा साथीदार, वय ९९.