सीईए नॉर्मल, म्हणजे पोटात कॅन्सर नाही?

हेल्थ चेकअपच्या पॅकेजात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए (रक्तातल्या एका प्रथिनाची चाचणी) असतो. तो नॉर्मल आला की जठराच्या कॅन्सरची शंका मिटली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सीईए बहुतेकदा नॉर्मलच असतो. उलट धूम्रपानाने किंवा यकृताच्या आजारानेही तो वाढतो. निदान होतं ते एंडोस्कोपी आणि बायोप्सीने. (पॅकेजच्या जाहिरातीत हे कशाला लिहितील!)

जनुकांवरच्या चाचण्यांबाबतही हीच गल्लत. काही रुग्णांच्या गाठीत ईआरबीबी२ जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशींवर हर-२ प्रथिनाची गर्दी होते. हर-२ची तपासणी कॅन्सर शोधायला नसतेच. तो सिद्ध झाल्यावर बायोप्सीच्या तुकड्यावर करतात, औषध ठरवायला. हर-२ जास्त असेल, तर पसरलेल्या आजारात केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-२वर नेम धरणारं औषध देतात. एकाच गाठीत हर-२ इथे भरपूर, शेजारी नाहीच, असंही दिसतं. म्हणून तुकडे बरेच घ्यावे लागतात.

रक्तातून आधी कळू शकतो तो सीडीएच१ जनुकातला आनुवंशिक दोष. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत तो प्रथम सापडला. पण तो कॅन्सर नव्हे, धोका सांगतो, आणि ही चाचणी मुख्यतः घराण्यात अशा कॅन्सरचा इतिहास असलेल्यांसाठी आहे.