पावसाळी गवत आणि घोड्याची छाती

पावसाळ्यात तबेल्यात धूळ कमी, हा समज घोड्याला महागात पडतो. रस्त्यावरची धूळ बसते हे खरं, पण मुंबईच्या दमट हवेत गठ्ठ्यातलं वाळलं गवत आतून ओल धरतं आणि बुरशी लागते. गठ्ठा सोडून झटकला की उडतो तो राखाडी धुळीचा लोट म्हणजे मुख्यतः बुरशीचे बीजाणू. त्यातले 5 मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतात.

घोडा तोंडाने श्वास घेत नाही, सगळं नाकातूनच. शांत उभा असताना मिनिटाला 8 ते 16 श्वास आणि दर श्वासाला सुमारे 5 लिटर हवा. त्यात खाताना नाक गवतातच खुपसलेलं. तबेल्याच्या दारात हवा स्वच्छ वाटते, पण त्याच्या नाकाशी धूळ कितीतरी पट जास्त असते.

कण आत गेले की नळ्यांचं अस्तर चिकटा सोडतं. हा चिकटा वाईट नव्हे; कण त्यात अडकतात आणि सूक्ष्म केस तो घशाकडे ढकलतात, तिथे घोडा तो गिळून टाकतो. म्हणूनच नाकपुड्या कोरड्या आहेत, यावरून काहीच कळत नाही. श्वासनलिका चांगली 70-80 सेंटिमीटर लांब. मान खाली घालून चरताना उतार मिळतो, चिकटा आपसूक वाहतो. गवताची जाळी उंच टांगली किंवा लांबच्या गाडीप्रवासात डोकं वर बांधून ठेवलं, की तो तिथेच साचतो आणि त्यात जिवाणू वाढतात. प्रवासात दर चार-पाच तासांनी थांबून डोकं मोकळं सोडावं.

या कणांनी नळ्यांना सूज येते; ती टिकली की चिकटा वाढतो, घट्ट होतो. यालाच आता घोड्यांचा दमा म्हणतात. दुर्बीण घालून श्वासनलिकेतला चिकटा 0 ते 5 असा मोजतात: 1 म्हणजे तुरळक ठिपके, 3 म्हणजे एकमेकांना मिळालेले ओघळ, 5 म्हणजे नळी भरलेली. शर्यतीच्या घोड्यांत 2 पासूनच धाव खालावलेली आढळते. ‘खोकत नाही, म्हणजे छाती साफ’ हे मात्र मनातून काढा. सौम्य दम्याचे कित्येक घोडे खोकतच नाहीत.

इलाज गवतापासून. गवत अर्धा तास पूर्ण बुडवावं, निथळावं आणि ओलंच जमिनीलगत घालावं. वरून झारीने शिंपडणं म्हणजे मनाचं समाधान, आतलं गवत कोरडंच राहतं. मुंबईच्या उकाड्यात ओलं गवत लवकर आंबतं, तेव्हा एका वेळेपुरतंच भिजवा, उरलेलं काढा, पाणी दर वेळी बदला. आंबूस वास आला की ते गवत टाकून द्यायचं. वाफ द्यायची तर गठ्ठ्याचा मधला भाग 100 अंशांच्या जवळ तापला पाहिजे. अर्धवट वाफेत जिवाणू उलट वाढतात. काळं पडलेलं गवत भिजवून सुधारत नाही.

मोतद्दाराने झाडलोट घोडा बाहेर असतानाच करावी. मुतातून सुटणारा अमोनिया वायू तपासायला उकिडवं बसून जमिनीलगत श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खालची ओली गादी बदला.

क्लेनब्युटेरॉल हे औषध नळ्या मोकळ्या करतं, स्टेरॉइड सूज उतरवतं, पण धूळ तशीच राहिली तर औषध थांबताच दमा परततो. शर्यतीआधी औषध कधी बंद करायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताप 38.5 अंशांच्या वर, जबड्याखाली गाठी किंवा नाकातून पिवळा पू असेल, तर हा दमा समजू नका. घोडा तत्काळ वेगळा बांधा आणि हातमोजे, मास्क घाला. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य साथरोग निघाला तर तो माणसालाही होतो, सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे.

आणखी एक अडचण: घोडे बांधायची ठाणी एकाच छपराखाली असतात. तुमच्या घोड्याचं गवत भिजवलं आणि शेजारच्या ठाण्यात कोरडा गठ्ठा झटकला, तर हवा दोघांची एकच. भिजवायचं तर सगळ्या रांगेचं भिजवा.